इंजिनात दोष नव्हता

किक जड लागायला लागली, तेव्हा मी इंजिन उघडलं. डॉक्टरकडे गेलो नाही. आजारातून उठलेल्या माणसाने आधी स्वतःचा गाढवपणा कबूल करावा आणि मग दुसऱ्याला धीर द्यावा, म्हणून सुरुवात इथूनच.

लिहायला बसलो ते एका बाईंमुळे. तीन वर्षांपूर्वी मला जो आजार झाला, तोच त्यांच्या यजमानांना झालाय. मी होतो त्याच वॉर्डात ते आहेत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात, कुणाशी बोलत नाहीत. "चार ओळी लिहून द्या, मी वाचून दाखवीन," बाई म्हणाल्या. चार ओळींत माझं भागत नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. तर दादा, ऐका. तुमची मान भिंतीकडे वळते ना? माझी तेवढीसुद्धा वळत नव्हती.

मी रेल्वेच्या कारखान्यात फिटर. जन्म काशीचा, बिऱ्हाड पंचगंगा घाटावरच्या गल्लीत. वडील, म्हणजे आप्पा, वैदिक. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची धर्मकृत्यं करतात. त्यांच्या पोटी येऊन मी पाना हातात घेतला, हे दुःख त्यांनी वीस वर्षांत कसंबसं गिळलं होतं. गाडीचं मात्र घशातच अडकून होतं.

माझी गाडी

आधी तिच्याबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच आहे.

जुनी टू-स्ट्रोक, एक सिलेंडर, हवेवर थंड होणारी. मैदागिनला गॅरेज असलेला माझा दोस्त रमजानभाई आणि मी, दोघांनी मिळून ती सोलून काढली होती. हेडलाइट काढला, मीटर काढला, बॅटरी काढली, पत्र्याचे मडगार्ड काढले. मागच्या माणसाचे फूटरेस्टसुद्धा काढले. माझ्या बायकोने, सुधाने, नेमकं तेवढंच बघितलं.

"म्हणजे मी बसायचं कुठे?"

"ही बसायची गाडी नाही," मी म्हणालो. लग्नाला बारा वर्षं झालेल्या माणसाने असं बोलू नये, पण बोललो.

पावसाळा ओसरला की गंगा मागे सरते आणि घाटांच्या समोर मैलोगणती रेती उघडी पडते. दर रविवारी सकाळी राजघाटचा पूल ओलांडून मी तिथे जायचो. रेतीचे ढिगारे करून त्यांवरून उड्या, वळणं, घसरगुंड्या. ज्याला मोटोक्रॉस म्हणतात तेच, फक्त बक्षीस द्यायला आणि टाळ्या वाजवायला कुणी नाही. दोन-चार म्हशी असायच्या, त्यांना कौतुक नव्हतं.

लखनौ, अलाहाबादकडचे हौशी लोक कधीमधी यायचे, बाहेरून मागवलेल्या गाड्या घेऊन. पाण्यावर थंड होणारं इंजिन, मागे एकच जाडजूड शॉकॅब्सॉर्बर, आणखी काय काय. "एवढा हात चांगला आहे, मग चांगली गाडी का नाही घेत?" असं मला विचारायचे. अरे, हीच चांगली! तुमची गाडी तुमच्या चुका सांभाळून घेते. कुणीही बसावं आणि आपल्याला येतंय असं समजावं. माझी काहीही सांभाळून घेत नाही. वजन जरा पुढे गेलं की चाक रुतलं आणि तोंडात रेती. ज्याला नुसतं मिरवायचंय त्याने नवी घ्यावी. ज्याचं स्वतःच्या चालवण्यावर कधी समाधान होत नाही, त्याला अशीच साधी गाडी लागते. तिच्यात बिघडायला फार काही उरलेलंच नसतं. बिनसलं तर प्लग, नाही तर कार्बोरेटर, नाही तर तुम्ही.

हे शेवटचं मी शंभर जणांना ऐकवलं होतं. माझ्यावर वेळ आली तेव्हा ओळखता आलं नाही.

चार दिवस

कार्तिक लागला होता. रविवारी रेतीवरून आलो तर बोटांना मुंग्या. दोन तास हँडल धरल्यावर त्या येतातच, कुठल्याही रायडरला विचारा. सोमवारी पायांनाही आल्या. मी हँडलची रबरं बदलली आणि इंजिनचे बोल्ट आवळले. मंगळवारी किक जड लागली. म्हटलं, कार्बन साचला असेल. हेड उतरवलं, खरवडलं, रिंगा पाहिल्या. सगळं चकाचक. परत जोडलं. बुधवारी किक आणखी जड.

ढकलत मैदागिनला नेली. वाटेत दोनदा लोकांच्या पायऱ्यांवर बसलो आणि ऊन फार आहे असं स्वतःला सांगितलं. कार्तिकात! रमजानभाईने वाकून एका हाताने किक दाबली. ती सुरसुरत खाली गेली.

"ये तो मक्खन है, गुरू," तो म्हणाला. मग गाडी सोडून माझ्याकडेच बघत राहिला. "गाडी में कुछ नहीं है. तुम डॉक्टर को दिखाओ."

मला राग आला. तुझं कामात लक्ष नाही, असं त्याला म्हणालो आणि गाडी तशीच परत घरी ढकलत आणली. त्या बोलण्याची मी नंतर त्याच्याकडे माफी मागितली आहे, तरी इथेही मागतो.

दोरी

पंचगंगा घाटावर कार्तिकभर आकाशदीप लावतात. उंच बांबूला कप्पी असते, वेताच्या टोपलीत दिवा ठेवायचा आणि दोरीने वर चढवायचा, पितरांसाठी. आप्पांच्या यजमानांच्या नावाने काही दिवे असायचे. वयामुळे आप्पांना दोरी ओढवत नसे, म्हणून ते काम माझं.

त्याच बुधवारी संध्याकाळी टोपली निम्म्यावर गेली आणि दोरी हातातून सुटली. म्हणजे मी सोडली नाही, हातच उघडला. टोपली खाली आली, दिवा फुटला, तेल पायरीवर पसरलं. यजमान दोन पावलं मागे सरकले. असा अपशकुन आप्पांच्या आयुष्यात झाला नसेल. मी बोलणी खायच्या तयारीत उभा राहिलो.

आप्पांनी आधी दिव्याकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे.

"वसंता, मूठ वळ."

वळली नाही.

"कधीपासून?"

"रविवारपासून."

"आणि तू काय केलंस?"

"इंजिन उघडलं."

आप्पांच्या तोंडून कधी अपशब्द गेला नव्हता. त्या दिवशी गेला, आणि तो संस्कृतही नव्हता. पंचगंगेच्या पायऱ्या किती उभ्या आहेत ते काशीकराला सांगायला नको. त्या मला चढता आल्या नाहीत. दोन मल्लाहांनी, घाटावरच्या नावाड्यांनी, खुर्चीवर बसवून वर नेलं.

हातोडी

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या हॉस्पिटलात. डॉक्टरांनी गुडघ्याखाली रबराची हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या पायाला मारली, मग कोपराला. काही नाही. मी रोज हातोडी वापरणारा माणूस. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की हे साधं नाही.

"क्या काम करते हैं?" त्यांनी विचारलं.

"फिटर हूँ."

"तो समझ जाएँगे. तार ठीक है. ऊपर का रबर उतर गया है. रबर वापस चढ़ता है, पर धीरे-धीरे."

आजाराचं नाव म्हणजे परदेशी डॉक्टरांच्या नावांची जोडगोळी. ते आमच्या घरात आजतागायत कुणाला नीट म्हणता येत नाही. सुधाने मात्र नेमका प्रश्न विचारला, "बीमारी और कितनी ऊपर चढ़ेगी?"

"छाती तक न पहुँचे, यही देखना है," डॉक्टर म्हणाले. छातीपर्यंत पोचलं तर श्वासासाठी यंत्र लावावं लागेल, हेही त्यांनी लपवलं नाही. त्यांचे आभार. खोटा धीर मला कधी मानवला नाही.

एका दमात

हॉस्पिटलचा दिवस पहाटे फिनाइलच्या वासाने सुरू व्हायचा. मग चहा, तो चमच्याने कुणीतरी पाजायचा. दर दोन तासांनी कूस बदलायची, तीही दुसऱ्यांनीच. अंगावर चादर टेकली तरी पाय ठणकायचे. नाकावर माशी बसली तर बसली. सगळ्यात लाज कशाची वाटायची ते लिहीत नाही, दादा, तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या वॉर्डातल्या केरळी सिस्टर ते काम करताना त्यांच्या मुलीच्या शाळेच्या गोष्टी सांगत राहायच्या. लाज निम्मी व्हायची.

छाती तपासायची पद्धत अगदी साधी. पूर्ण श्वास घ्यायचा आणि एका दमात जमतील तितके आकडे म्हणायचे. डॉक्टर लिहून घ्यायचे. पहिल्या दिवशी चाळीस. मग तीस. मग एकवीस.

आप्पा कॉटशेजारी बसलेले असत. आकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. डॉक्टर गेले की म्हणायचे, "आता पुरुषसूक्त म्हण." लहानपणी मुंज झाल्यावर त्यांनी ते मला घोकवलं होतं, आणि मी पळून रमजानभाईच्या वडिलांच्या गॅरेजात जाऊन बसायचो. पण तोंडात राहिलं होतं. पहिल्या दिवशी एका दमात तीन ऋचा गेल्या. मग दोन. पाचव्या दिवशी जेमतेम एक, आणि शेवटची अक्षरं नुसत्या ओठांवर. यंत्र कॉटपाशी आणून ठेवलं होतं. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि दिवसभर त्याच्याकडेच बघत होतो. फार भ्यालो होतो. पोरगी नऊ वर्षांची होती, ती शेजाऱ्यांकडे. तिचा चेहरा आठवायला गेलो की दम आणखी कमी पडायचा.

सहाव्या दिवशीही एकच ऋचा. सातव्या दिवशी डॉक्टरांचा आकडा कालचाच. ते मान हलवून गेले. आप्पांनी म्हणायला सांगितलं, मी म्हटलं.

"चार अक्षरं जास्त गेलास," आप्पा म्हणाले.

"आप्पा, आकडा तोच आहे."

"आकड्याला काय कळतंय? चार अक्षरं पुढे गेलास." आणि हा माणूस, ज्याने मला कधी जवळ घेतलं नाही, तो उपरण्यात तोंड लपवून रडला. यंत्र दोन दिवसांनी नेलं.

मरू दे तुमचा पिस्टन

जीव वाचला असं कळल्यावर माणूस लगेच माणसात येतो, म्हणजे कटकट करायला लागतो. मला गाडीची काळजी लागली. तळमजल्यावर जिन्याखाली ती उभी. नदीकाठची ओल, थंडीचं धुकं. महिनोन्‌महिने पडून राहिली तर पिस्टन जाम होणार. हे मी सुधाला सकाळी सांगितलं, दुपारी सांगितलं, संध्याकाळी परत सांगितलं.

ती माझे पाय चोळत होती. ते काम ती दिवसातून सहा वेळा करायची. एकदम थांबली.

"मरू दे तुमचा पिस्टन!" अख्खा वॉर्ड वळला. "इथे तुम्हाला घास भरवतेय, तिकडे पोरगी शेजाऱ्यांच्या घरी झोपतेय, आप्पांचं जेवण सुटलंय, आणि तुम्हाला लोखंडाची पडलीय? त्या गाडीनेच हे दुखणं आणलं."

"डॉक्टर म्हणाले ना, गाडीचा काही संबंध नाही."

"चार दिवस कुणी घालवले मग? गाडीने नाही?"

चार दिवस मी घालवले होते, पण गाडीच्या पायाशी बसून घालवले होते हे खरंच. त्यानंतर दोन दिवस सुधा कामापुरतंच बोलली. त्याच सुमारास एकदा ती स्टुलावर पाय वर घेऊन बसली होती, तेव्हा तिच्या नडगीवर काळानिळा डाग दिसला. विचारलं तर म्हणाली, जिन्यात लागलं.

दोन बोटं

संक्रांतीनंतर घरी आलो, वॉकर धरून. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. चेंडू दाबून काय कळतं? तो आज किती दबला आणि काल किती, देव जाणे. मी जिन्याखाली स्टूल टाकून गाडीपाशी बसायला लागलो आणि क्लच दाबायचा ठरवला. पहिल्या दिवशी चार बोटांनी दोन्ही हात लावूनही निम्मा आला नाही. पंधरा दिवसांनी एका हाताने आला. होळीला तीन बोटांनी. चैत्रात दोन. रेतीवर क्लच दोन बोटांनीच दाबतात, म्हणजे डावा हात पास.

पाऊल लोंबत होतं. गिअर वर टाकायला पावलाचा पुढचा भाग लिव्हरखाली घालून उचलावा लागतो. बाईंनी जो व्यायाम सांगितला होता, तो हाच. रोज शंभर वेळा. गाडीने एकदाही माझं मन राखलं नाही. झालं तर झालं, नाही तर नाही. घरचे सगळे "आज छान दिसताय" म्हणत होते, तेव्हा खरं सांगणारं कुणीतरी हवंच होतं.

किक मात्र जमेना. उजवा पाय सगळ्यात मागे राहिला होता. सुधाचा भाऊ नागपूरहून आला. "भाऊजी, हल्ली बटणाच्या गाड्या आल्यात, फोर-स्ट्रोक. बटण दाबलं की चालू. ही द्या कुणाला तरी."

"बटण तर माझं मेलेलं बोटही दाबेल," मी म्हणालो. "मग मी बरा झालो हे मला कळणार कसं?"

सुधा ऐकत होती. भाऊ गेल्यावर म्हणाली, "ठीक आहे. गंगा चढून रेती पाण्याखाली जायच्या आत स्वतःच्या पायाने चालू केलीत, तर ठेवा. ढकलून नाही, कुणाला किक मारायला लावून नाही. जमलं नाही तर विकायची. आणि परत त्या रेतीचं नाव काढायचं नाही."

मी कबूल झालो. आणि बोललेलं मागे घेणं माझ्यात नाही.

ज्येष्ठ

ज्येष्ठ संपत आला. पाण्याचा रंग बदलायला लागला होता. बँकेतल्या एका गृहस्थांना गाडी हवी होती, त्यांना सुधाने सकाळी दहाची वेळ दिली. त्या दिवशी सात वाजता मी जिन्याखाली उभा राहिलो.

पहिली किक, पाय निम्म्यावरून घसरला. दुसरी, तिसरी, तीच गत. सहाव्या किकेला गुडघा असा मुडपला की मी टाकीवर आडवा झालो. आठवीनंतर खालच्या पायरीवर बसलो. घामाने निथळत होतो. हात चालले, पाऊल चाललं, जिने चढलो, कामावर रुजू झालो, आणि इथे येऊन अडकलो. आता हिला नेतील, आणि मी आयुष्यभर अर्धवट बरा झालेला माणूस राहीन, हेच डोक्यात.

सुधा पायऱ्या उतरून आली. बराच वेळ बघत असावी.

"अहो, तुम्ही पाय मारताय. पाय नका मारू. लिव्हर हळू दाबत जिथे अडते तिथवर आणा. किंचित पुढे ढकला. मग वर सोडा आणि सगळं अंग टाका."

तिने पदर खोचला, हँडल धरलं, चपलेचा पाय लिव्हरवर ठेवला, अडेपर्यंत आणली, जरा पुढे ढकलली, आणि अंग टाकलं. एका किकेत गाडी चालू. जिन्यात निळा धूर भरला. तिने अ‍ॅक्सिलरेटर थोडाच फिरवला, आवाज बसू दिला आणि मग बंद केली. अगदी जसं करावं तसं.

"तुला... ही..."

"तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा रोज कोण चालू करत होतं हिला? मी रमजानभाईंना जाऊन विचारलं. ते म्हणाले, रोज एक मिनिट चालवा, जाम होणार नाही. डबा घेऊन निघायच्या आधी रोज चालवत होते."

"ती नडगी..."

"पहिल्या दिवशी किक उलटी बसली."

वरून आप्पांचा आवाज आला, "अडीच महिने माझ्या पूजेत धूर येत होता!"

"पण तू तर म्हणालीस, मरू दे म्हणून."

"म्हणाले. आलाच होता तसा राग." ती माझ्याकडे न बघता टाकी पुसत होती. "तुम्ही उठाल की नाही ते माझ्या हातात नव्हतं. ही बंद पडू नये, एवढं होतं."

मी रडलो. लपवायचं काय त्यात? पायरीवर बसून हुंदके देऊन रडलो. हॉस्पिटलात रडलो नव्हतो इतका.

"मग विकायला का निघालीस?" मी विचारलं.

"कारण तुम्ही तिथे एकटे जाता. पाय दगा देऊन पडलात, तर मला सांगायला कोण आहे? म्हशी?" मग पदराने माझं तोंड पुसलं. "उठा आता. तो माणूस दहाला येतोय."

उठलो. वीस वर्षं मी पायाच्या जोरावर किक मारत आलो होतो, तरुण होतो म्हणून खपलं. त्या दिवशी तिने सांगितलं तसं केलं. हळू दाबून अडेल तिथवर आणली, जरा पुढे ढकलली, आणि अंग टाकलं. पहिल्या किकेला फुसकन विझली. दुसरीला धरली आणि बंद पडली. तिसरीला चालू झाली आणि चालूच राहिली.

बँकेतल्या गृहस्थांना सुधानेच चहा दिला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. मी रमजानभाईकडे गेलो. त्याने बिस्किटाच्या डब्यातून मागचे दोन फूटरेस्ट काढले. इतकी वर्षं जपून ठेवले होते.

"वजन बढ़ेगा, गुरू."

"बढ़ने दो," मी म्हणालो. गाडीतून वीस वस्तू काढल्या, परत लावलेली ही एकच.

रविवारी राजघाटचा पूल ओलांडला, अगदी हळू. मागे सुधा, तिचा हात माझ्या खांद्यावर. रेतीची अरुंद पट्टी तेवढी उरली होती. ती उतरली, डोक्यावर पदर घेऊन उन्हात उभी राहिली. "मारा काय ती उडी," म्हणाली. "मी आहे इथे."

दादा, हे वाचून दाखवणाऱ्या बाई आत्ता तुमच्या कॉटशेजारीच बसल्या असतील. घरी तुमचं काय काय त्यांनी चालू ठेवलंय, ते एकदा भिंतीकडून तोंड वळवून त्यांना विचारा.